सरकार बदललं की पहिल्या सहा महिन्यांत नेमकं काय बघायचं?

सांगोलेकर_सदाशिवपेठ

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगोल्याकडचा. २०१८ ला पुण्यात आलो, तेव्हापासून सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, अभ्यासिका आणि मेस एवढंच जग. आलो तेव्हा ७२ हजारांच्या मेगाभरतीची हवा होती. २०१९ ला सरकार बदललं. २०२२ ला परत बदललं. २०२४ ला निवडणूक झाली. दर वेळी अभ्यासिकेत तेच: शपथविधी मोबाइलवर लावायचा, कोणीतरी इअरफोन काढून म्हणायचं, "आता बघ, जाहिराती धडाधड निघणार." आणि रात्री वडिलांचा फोन. "बदललं न्हवं सरकार? मग काढतील की जागा."

पक्षांबद्दल मला काही विचारायचं नाही. कोण चांगला, कोण वाईट यावर इथे शंभर धागे आहेत. माझा प्रश्न साधा आहे. विधानसभा नव्या लोकांच्या हातात गेली की सामान्य माणसाने काय अपेक्षा ठेवावी, आणि किती दिवस? भाषणात बोललेलं कागदावर उतरतंय की नाही हे बाहेरून कळायची काही खूण असते का? कोणी आत काम केलेलं असेल तर सांगा. माझी वयोमर्यादा जवळ येत चाललीय, म्हणून विचारतोय.

पेठी_खवचट

शपथविधी बघायचा, फेटे कुणी बांधले ते बघायचं आणि टीव्ही बंद करून आपापल्या कामाला लागायचं. १ ते ४ तर आम्ही तेही बघत नाही.

कक्ष_अधिकारी_निवृत्त

वरच्यांचं सोड. तुझा प्रश्न चांगला आहे.

मी मंत्रालयात लिपिक म्हणून लागलो आणि कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आता कर्वेनगरला असतो. ज्या टेबलांवर तुझी जाहिरात अडकते, त्याच्याच अलीकडे-पलीकडे माझी नोकरी गेली.

अपेक्षा म्हणजे काय चीज असते ते मी १९९५ च्या मार्चमध्ये पाहिलं. १९७८ चा पुलोदचा, म्हणजे शरद पवारांच्या आघाडी सरकारचा, प्रयोग सोडला तर राज्यात सगळी हयात एकाच पक्षाची. युती आली, मनोहर जोशींचा शपथविधी शिवाजी पार्कवर झाला आणि त्यानंतर मंत्रालयात पाय ठेवायला जागा नव्हती. जिल्ह्याजिल्ह्यातून आलेली माणसं जिन्यात डबे सोडून बसलेली. दालनांवर पाट्या लागायच्या होत्या, कुठला मंत्री कुठल्या मजल्यावर हे आम्हालाच माहीत नव्हतं. एक वयस्कर गृहस्थ माझ्या टेबलाशी आले. हातात टंकलिखित अर्ज, घड्या पडून पडून फाटायला आलेला, आणि तारखेची जागा मोकळी. म्हणाले, "आपलं सरकार आलं की द्यायचा म्हणून ठेवला होता." माझ्याच पेनाने त्यांनी तारीख घातली. काम पाझर तलावाचं होतं आणि आमच्या विभागाचं नव्हतंच. मी त्यांना योग्य मजला सांगितला, बाकी माझ्या हातात काही नव्हतं.

त्या सरकारकडून लोकांना काय काय हवं होतं? एनरॉन, म्हणजे दाभोळचा वीजप्रकल्प, अरबी समुद्रात बुडवायचा होता. मुंबईत चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना फुकट घरं द्यायची होती. एक रुपयात झुणका-भाकर. आता क्रम बघ. एनरॉन रद्द झाल्याची घोषणा ऑगस्ट १९९५ मध्ये, म्हणजे पाच महिन्यांत झाली. मुंबईचं नाव त्याच वर्षी बदललं. झुणका-भाकर केंद्रंही निघाली, पण एका ताटाचा खर्च आणि एक रुपया यातला फरक सरकारने भरायचा होता. अनुदान आटलं, स्टॉल तेवढे उरले, त्यावर आधी वडापाव आला आणि मग चायनीज. घरांसाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण उभं राहिलं, पण चाळीस लाखांच्या जवळपासही कोणी गेलं नाही. आणि एनरॉन? फेरवाटाघाटी होऊन १९९६ मध्ये परत उभा.

इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली. नव्या बहुमताला मोडायला वेळ लागत नाही. स्थगिती, रद्द, नाव बदल, नेमणुका रद्द, चौकशी लाव. यात तिजोरीला हात घालावा लागत नाही. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत जे काही जोरात झालेलं दिसतं, त्यातलं बहुतेक या जातीचं असतं. लोक समजतात गाडी सुटली.

तुझ्याच क्षेत्रातलं घे. महापोर्टल, म्हणजे सरकारी भरतीच्या ऑनलाइन परीक्षांचं पोर्टल, बंद करा ही पोरांची मागणी होती. २०१९ च्या शेवटी सरकार बदललं आणि २०२० च्या फेब्रुवारीत पोर्टल बंद. सगळ्यांनी पेढे वाटले असतील. पण त्याच्या जागी काय, हे उभं करायला पैसा, माणसं आणि वेळ लागत होता. तो मधला काळ खासगी कंपन्यांवर गेला, आणि २०२१ ला आरोग्य भरतीचे पेपर फुटले, तपास आपल्या पुण्याच्याच सायबर पोलिसांनी केला. शिवाय ४ मे २०२० ला वित्त विभागाने शासन निर्णय काढला: करोनामुळे नवीन भरती बंद, आरोग्य वगळता. ज्या सरकारकडून जाहिरातीची वाट बघत होतात त्याच्याच वित्त विभागाचा तो कागद.

म्हणून खूण विचारतोस तर ती शासन निर्णयाच्या तळाशी असते. वरची प्रस्तावना सोडून दे, ती आम्हीच लिहायचो, एकीची दुसरीला चिकटवून. शेवटच्या परिच्छेदात "वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक, दिनांक तमुक अन्वये" असं आहे का बघ. त्याच्या आसपास खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचा तो आकडा आहे का बघ. खर्चाची गोष्ट असून हे दोन्ही नसेल, तर मंत्र्याने समासात लाल शाईने "तातडीने कार्यवाही करावी" लिहिलं असलं तरी नस्ती, म्हणजे फाइल, आमच्याकडून वित्तकडे आणि वित्तकडून शेरा घेऊन आमच्याकडे अशी हिंडत राहते. ते "तातडीने" मी इतक्यांदा वाचलंय की त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

दुसरी खूण पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मधेच सभागृहाकडून मागून घेतलेला जादा खर्च. नोव्हेंबरात आलेलं सरकार मार्चपर्यंत आधीच्यांच्याच अर्थसंकल्पावर चालतं. नवं काही खरंच करायचं असेल तर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांत त्याची तरतूद दिसते, नाहीतर मार्चच्या अर्थसंकल्पात. तिथेही नसेल तर त्या वर्षापुरती आशा सोडलेली बरी. लाडक्या बहिणींचे २१०० आठव. प्रचारात २१०० होते, १० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात योजनेला ३६ हजार कोटी ठेवले, पण हप्ता १५०० च राहिला. वर्तमानपत्रांत त्यावर आठवडाभर आश्चर्य चाललं होतं. मला त्यात आश्चर्य काही दिसलं नाही, डिसेंबरच्या पुरवणीतच वाढीव हप्त्याचा पत्ता नव्हता.

कोथरूड_सेक्रेटरी

काकांचं बरोबर आहे, पण पुण्याचं उदाहरण त्यांनी सोडलं. मिळकतकरातली ४० टक्के सवलत. स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून मिळत होती. लेखापरीक्षणात आक्षेप आला आणि राज्य सरकारने ती काढली. आमच्या सोसायटीत वार्षिक सभेला इतर विषय बाजूलाच राहायचे, सगळे फरकाच्या बिलावर. मग सरकार बदललं, सगळ्यांना वाटलं नवे लोक पहिल्या बैठकीत परत देतील. आश्वासनं भरपूर. मग तेही सरकार गेलं.

परत कधी मिळाली? २०२३ ला. आणि त्याच वर्षी मार्चच्या सुरुवातीला कसब्याच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला होता, तिथे सत्ताधारी हरले होते. आता याचा त्याचा संबंध नाही असं म्हणणारे म्हणोत. माझ्या मते सरकार आल्यावर जितकं मिळतं, त्यापेक्षा सरकार घाबरल्यावर जास्त मिळतं.

आणि तेव्हाही आपोआप नाही हं. पीटी-३ अर्ज भरा, राहत असल्याचा पुरावा जोडा. सोसायटीतल्या आज्यांचे अर्ज मी जिन्यात बसून भरून दिलेत. एकीचं वीजबिल अजून सासऱ्यांच्या नावावर, त्यांना जाऊन वीस वर्षं झालेली.

धनकवडीची_ताई

मी पुरंदर तालुक्यातली, आता धनकवडीत राहते पण मतदान गावाकडेच. निवृत्त काका म्हणतात मोडायला पैसा लागत नाही. तिजोरीचा लागत नसेल. गावाचा लागतो.

२०१७ ला कायदा बदलून सरपंच थेट जनतेतून केला. आमच्याकडे सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्य जास्त दुसऱ्या पॅनेलचे. मासिक सभेत ठराव मंजूर होईना, पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं बिल थकलं. मग २०२० ला नव्या सरकारने थेट निवड रद्द केली. २०२१ च्या जानेवारीत आम्ही सदस्य निवडले तेव्हा सरपंचपद कुणासाठी राखीव हेच माहीत नव्हतं, सोडत निकालानंतर निघाली. माझ्या जाऊबाई अर्ज भरतानाच म्हणाल्या होत्या, "भाऊजी, खर्च नका करू, खुर्ची कुणाची ते अजून देवालाच ठाऊक." २०२२ ला सरकार बदललं आणि परत थेट सरपंच!

बाजार समितीतही हेच. शेतकऱ्याला मतदान दिलं, काढलं, परत दिलं. आणि पुण्याच्या महापालिकेचा प्रभाग चार नगरसेवकांचा की तीनचा यावर किती घोळ झाला ते तुम्हीच बघितलंत. मुंबईत एक ओळ बदलते आणि इथे भावकीत बोलणं बंद होतं. मला नव्या सरकारकडून एकच अपेक्षा आहे, की आधीच्यांनी केलंय एवढ्यासाठी एखादी गोष्ट फिरवू नका. निदान एक पंचवार्षिक चालू द्या, मग ठरवा.

कक्ष_अधिकारी_निवृत्त

ताई, मोटारीच्या बिलाचं अगदी खरं. आमच्याकडून दुरुस्ती विधेयक गेलं की फाइल संपायची. गावात पुढे काय झालं हे विचारायची मंत्रालयात कुणाला पद्धत नव्हती.

आणि या यादीत आणीबाणीच्या बंदिवानांचं मानधनही घाला. २०१८ ला सुरू, २०२० ला बंद, २०२२ ला परत सुरू.

कौन्सिल_हॉल_मागे

विषय जुनाच आहे. पुणे स्टेशनजवळ कौन्सिल हॉल आहे, आता तिथून जाताना कुणी वर बघत नाही, पण मुंबई कायदेमंडळाचं पावसाळी अधिवेशन पूर्वी तिथे भरायचं. १९३७ ला प्रांतात काँग्रेस पहिल्यांदा सत्तेवर आली, बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले (तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणत). लोकांच्या अपेक्षा काय असतील कल्पना करा, अर्धे पुढारी नुकते तुरुंगातून आलेले.

बंद्या उठवणं, राजबंदी सोडणं, वृत्तपत्रांच्या जामिनाच्या रकमा परत करणं, हे भराभर झालं. सत्याग्रहात जप्त झालेल्या जमिनी परत द्यायचा कायदाही १९३८ मध्ये आला. पण कोकणातल्या कुळांचं काय? १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी खोती, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत, रद्द करायचं विधेयक मांडलं, ते इथेच, पुण्याच्या अधिवेशनात. सरकारने ते पुढे जाऊ दिलं नाही. १० जानेवारी १९३८ ला मुंबईत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कायदेमंडळावर गेला. तरी नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, स्वातंत्र्यानंतर.

काकांच्या हिशोबात एक भर घालतो. खोती रद्द करायला तिजोरीतून फार जाणार होतं म्हणून ती राहिली असं नाही. ज्यांच्या हातून काही जाणार होतं ते बोलणारे होते, सभागृहाच्या आत-बाहेर त्यांची ऊठबस होती. तेव्हा नव्या सरकारकडून काय होईल हे बघताना, त्यात कुणाचं जातंय हेही बघा.

पेठी_खवचट

कौन्सिल हॉलसमोरचं पार्किंग कधी सुटणार यावर १९३७ साली काही चर्चा झाली होती का?

सांगोलेकर_सदाशिवपेठ

सगळ्यांचे आभार. काका, तुम्ही सांगितल्यावर मी आणि रूममेटने मोबाइलवर २०२२ चा, ३१ ऑक्टोबरचा तो ७५ हजार पदांचा शासन निर्णय काढून वाचला. तो वित्त विभागाचाच आहे. ज्या विभागांचा आकृतिबंध मंजूर आहे त्यांनी सरळसेवेची सगळी पदं भरावीत, बाकीच्यांनी ८० टक्के, असं काहीसं आहे. म्हणजे पैशाची मान्यता होती ना? तरी आमच्या पदाची जाहिरात नाही. मग अडलं कुठे? आणि हे मी कुणाला विचारू? आमदारांच्या कार्यालयात गेलो होतो, त्यांनी लेटरहेडवर शिफारस देतो म्हणाले.

कक्ष_अधिकारी_निवृत्त

शिफारस घरी फ्रेम करून लाव.

वित्तची मान्यता म्हणजे दार उघडलं एवढंच. त्यानंतर तुझ्या विभागाने आकृतिबंध अंतिम करून घ्यायचा, म्हणजे कुठल्या कार्यालयात किती पदं हे ठरवायचं. मग बिंदुनामावली. प्रत्येक पद कुठल्या प्रवर्गाचं याची नोंदवही, ती विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. ती तपासून आली की मग लोकसेवा आयोगाला मागणीपत्र, आणि मग जाहिरात. यातल्या बिंदुनामावलीला बाहेरचा माणूस कधी हिशोबात धरत नाही, आणि वर्षं तिथेच जातात.

आणि विधिमंडळ इथेच तुझ्या आयुष्यात शिरतं. २० फेब्रुवारी २०२४ ला एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात मराठा समाजाच्या दहा टक्के आरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या योग्यायोग्यतेवर मी बोलत नाही. पण त्याचा अर्थ प्रत्येक कार्यालयात बिंदू नव्याने मांडायचे. राज्यसेवेची जाहिरात आधीच निघालेली होती, २७४ पदांची, ती सुधारून ५२४ ची झाली, आणि २८ एप्रिलला व्हायची पूर्वपरीक्षा सरकत सरकत १ डिसेंबरला झाली. मध्ये ऑगस्टमध्ये तुम्ही पोरं रस्त्यावर बसला होतात ते वेगळंच. सभागृहात बाकं वाजली तो एक दिवस, आणि खाली कारकुनाला त्याची वही परत आखायला लागलेले महिने. ही वही मी स्वतः आखलीय. पट्टी आणि लाल-निळं पेन घेऊन, आणि एक बिंदू चुकला की खालचे सगळे चुकतात.

आता कुणाला विचारायचं. आमदारांकडून लेटरहेड नको, तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी माग, म्हणजे ज्याला मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं ते. कारण असं आहे. मंत्री प्रचारसभेत बोलतो ते वाऱ्यावर जातं. सभागृहात उभा राहून "तीन महिन्यांत जाहिरात काढू" म्हणाला की ते कार्यवाहीत नोंदलं जातं, त्याचं आश्वासन होतं आणि विधिमंडळाची आश्वासन समिती विभागाला त्यावर विचारत राहते. आश्वासन प्रलंबित आहे असं पत्र आलं की आमचे सहसचिव स्वतः उठून टेबलाशी यायचे. एरवी ते उठायचे फक्त जेवायला. आमदार सत्ताधारी असला तरी विचारू शकतो. विरोधी असला तर जास्त आनंदाने विचारेल.

आमदार नाही म्हणाला तर माहितीचा अधिकार. ऑनलाइन कर किंवा दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून दे. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, त्यामुळे गाऱ्हाणं लिहू नकोस, वयोमर्यादेचं लिहू नकोस, "भरती कधी होणार" असं तर अजिबात विचारू नकोस. त्याला "माहिती उपलब्ध नाही" असं एका ओळीचं उत्तर येतं आणि ते कायद्याने बरोबर असतं. असं लिही:

"अमुक संवर्गातील सरळसेवेच्या रिक्त पदांबाबत, १) सुधारित आकृतिबंध मंजूर झाल्याचा दिनांक, २) बिंदुनामावली तपासणीसाठी मागासवर्ग कक्षाकडे सादर केल्याचा व तपासून परत आल्याचा दिनांक, ३) आयोगास मागणीपत्र पाठविल्याचा दिनांक व त्याची छायांकित प्रत."

तीन तारखा मागितल्यास. जी तारीख द्यायला ते टाळतील, तिथे तुझी जाहिरात पडून आहे. उत्तर आलं की इथे टाक, विभागाचं नाव झाकून टाकलंस तरी चालेल. संवर्ग मात्र सांग, मी बघतो कुठल्या डेस्कचं काम आहे ते.

सांगोलेकर_सदाशिवपेठ

आज रात्रीच भरतो काका. एक शंका. रूममेटचा विभाग वेगळा आहे, दोघांचं एकाच अर्जात चालेल का?

कक्ष_अधिकारी_निवृत्त

नाही. एक विषय म्हटलं ना. त्याला त्याचे दहा रुपये घालू देत.